बोट हलायच्या आत

धारवाडापासून समुद्र पुष्कळ लांब आहे, पण माझ्या मामेसासऱ्यांपासून तो कधीच लांब नसे. केलगेरीच्या तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेल्या आमच्या गावात आगबोटीच्या पहिल्या वर्गाने प्रवास कसा करावा हे शाळेतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं, ते केवळ या एका माणसामुळे. केबिन इंजिनावर घेऊ नये, बोटीच्या मध्यावर घ्यावी, जाताना सकाळचं ऊन कुठल्या बाजूला येतं ते आधी विचारावं, डेकवर चामडी बूट घालू नयेत, कॅनव्हासचे घालावेत, हे ज्ञान आमच्या माळमड्डी भागात इतकं मुरलेलं होतं की एकदा घराच्या जागेचा सौदा चालला असताना घेणाऱ्याने विकणाऱ्याला, "खोली मध्यावर आहे का?" असं विचारल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. आणि या सगळ्या शिकवणीचा मुकुटमणी म्हणजे एकच वाक्य: "जे करायचं ते बोट हलायच्या आत करावं. एकदा बोट हलली की माणूस बोटीच्या मर्जीवर."

हे गृहस्थ माझ्या पत्नीचे मामा. तिचे आईवडील ती चार वर्षांची असताना एकाच साथीत गेले, तेव्हा तिला यांनीच वाढवलं आणि माझ्याशी लग्न लावताना कन्यादानही यांनीच केलं. स्वतःची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ झालं नाही. आमच्या बाजूच्या एका लहानशा संस्थानात ते खासगी कारभारी होते. तिथल्या संस्थानिकांना पोटाचं एक दुखणं होतं आणि ते दुखणं युरोपातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांखेरीज कशालाच दाद देत नसे. त्यामुळे मामांना त्यांच्याबरोबर चार वेळा विलायतेची वारी घडली. प्रत्येक वारीनंतर ते प्रायश्चित्त घेत आणि वर सांगत की बोटीवरच्या जेवणानंतर पोट ताळ्यावर आणायला पंचगव्यासारखं दुसरं औषध नाही. पुढे ते संस्थानिक वारले, गादीवर आलेल्या चिरंजीवांना जुनी माणसं नकोशी झाली, आणि मामा लहानशी पेन्शन, दोन ट्रंका आणि एक निळा सर्जचा कोट घेऊन धारवाडला भाचीच्या आसऱ्याला आले. आमच्या घरात मात्र ते कधी राहिले नाहीत. पाच मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रोज संध्याकाळी चहाला येऊ लागले.

त्यांच्या ज्ञानाला बोट मिळत नव्हती, म्हणून ते जिथे मिळेल तिथे बोट मानून चालत. लग्नाची पंगत मांडली जात असली की हे अर्धा तास आधी जाऊन जागा हेरून येत. स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला आणि नेहमी दुसऱ्या पंगतीला. "पहिल्या पंगतीला वाढपी घाबरलेले असतात, तिसरीला दमलेले असतात," असं ते म्हणत, आणि यात खोटं काही नव्हतं. डेकवरच्या खुर्चीवर पहिल्या तासात आपल्या नावाची चिठ्ठी लावावी हा त्यांचा आणखी एक दंडक. तो त्यांनी देवळातल्या कीर्तनाला लावला. नेमकी ती खुर्ची कीर्तनकारबुवांना मध्यंतरात टेकायला ठेवलेली होती. बुवा आले, त्यांनी चिठ्ठी वाचली, आणि फार नम्रपणे मध्यंतरही उभ्यानेच काढलं. मामा खुर्चीत बसून शेवटपर्यंत माना डोलावत होते. मागाहून मला म्हणाले, "बुवा चांगले, पण चिठ्ठीची पद्धत त्यांना माहीत नव्हती."

सामानाच्या बाबतीत तर ते कोणाचं ऐकून घेण्याच्या पलीकडचे होते. सामानाचे तीन भाग करावेत: हाताशी लागणारं केबिनमध्ये, अधूनमधून लागणारं सामानाच्या खोलीत, आणि मुक्काम येईपर्यंत न लागणारं बोटीच्या तळात. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न हुबळीला होतं. धारवाडहून हुबळी म्हणजे बारा-तेरा मैल. तरीही मामांनी वऱ्हाडाच्या एकूण एक ट्रंकेवर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. बहिणीच्या शालूच्या ट्रंकेवर लिहिलं, "प्रवासात नको." आगगाडीत शालू कोण नेसणार, तेव्हा लिहिलेलं अक्षरशः बरोबर होतं. स्टेशनावरच्या पोर्टरला थोडंफार वाचता येत होतं, त्यानेही ते अक्षरशः घेतलं आणि ट्रंक धारवाडच्या फलाटावर ठेवून दिली. बहीण अंतरपाटामागे उभी राहिली ती मावशीच्या वापरातल्या लुगड्यात. आमचे वडील संतापले होते. मामा शांतपणे म्हणाले, "चिठ्ठी बरोबर होती. वाचणारा चुकला."

मी या गोष्टी आता हसत सांगतो आहे. त्या काळी मला त्यांचं हसू येत नसे, लाज वाटे. मी नवा वकील होतो, वकिली वाढत होती, घरी चार प्रतिष्ठित माणसं येत. ती दिवाणखान्यात बसलेली असताना हे कॅनव्हासचे बूट घालून यायचे आणि जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरला बोट लागून उलट्या होऊ लागल्या तर काय करावं ते समजावून द्यायचे. पत्नीला, कमळेला, त्यात वावगं काहीच वाटत नसे. ती त्यांच्यापुढे चहा ठेवून कौतुकाने ऐकत बसे, जणू आजच पहिल्यांदा ऐकते आहे. मी मात्र खिडकीबाहेर बघत राही.

मग दुसऱ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधी माझ्या हातून वाटणीचा एक मोठा दावा निकालात निघाला. सहा वर्षं चाललेला दावा, तो संपला तेव्हा मी पार थकून गेलो होतो, आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा खायला सांगितली. समुद्राची हवा कारवारलाही मिळाली असती. पण बाररूममध्ये सांगायला कारवार पुरेसं नव्हतं. मी मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या एका परदेशी आगबोटीची कोलंबोपर्यंतची पहिल्या वर्गाची दोन तिकिटं काढली; आठ दिवस तिथे राहायचं आणि दुसऱ्या बोटीने परत यायचं. असा नुसत्या मौजेसाठी केलेला प्रवास आमच्या वकिलांत तोवर कोणी केलेला नव्हता, हे मला पुरतं ठाऊक होतं.

बातमी कळल्यावर मामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते म्हणाले, "जावईबापू, तीन महिने आहेत आपल्याला. पुरतील." त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे बंदरात लागलेली बोट झालं. मला घेऊन ते हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात गेले आणि तिथल्या ट्रंकांच्या दुकानात एकेका ट्रंकेवर स्वतः बसून, उठून, पुन्हा बसून त्यांनी दोन ट्रंका पास केल्या. दुकानदार कानडीत म्हणाला, "ट्रंक कपड्यांसाठी असते री, बसायला नव्हे." मामा म्हणाले, "बंदरावर दोन तास थांबावं लागतं. तेव्हा पहिल्या वर्गाचा उतारूसुद्धा ट्रंकेवरच बसतो." कमळेसाठी त्यांनी आलेपाक स्वतः करून डब्यात भरला. बोटीच्या कंपनीला आमच्या शाकाहाराविषयी पत्र लिहिलं आणि त्यात बटाटा किती उकडावा हेही कळवलं. बक्षिशीविषयीही त्यांचं मत पक्कं होतं: अर्धी पहिल्या दिवशी द्यावी, अर्धी शेवटच्या, सगळी शेवटी देणाऱ्याला सेवा फक्त शेवटच्या दिवशी मिळते.

सर्वांत कठीण प्रकार झोपाळ्यावरचा. आमच्या माजघरात सागवानी झोपाळा होता. हलत्या बोटीवर सूप कसं प्यावं हे शिकवण्यासाठी मामा मला त्यावर बसवत, हातात साराची वाटी देत आणि स्वतः झोका देत. "वाटीकडे बघू नका. समोरच्या खुंटीकडे बघा. खुंटी म्हणजे क्षितिज." मी खुंटीकडे बघत दोन धोतरं आणि एक बंडी खराब केली. एका रविवारी हे चालू असताना माझा एक अशील दारात येऊन उभा राहिला. त्याने वकीलसाहेबांना झोपाळ्यावर सार पिताना आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना झोके देताना पाहिलं, आणि "नंतर येतो की," म्हणून निघून गेला. तो नंतर आला नाही. त्या रात्री मी कमळेला म्हणालो, "हे आता फार होतंय." ती म्हणाली, "त्यांचं तुम्ही ऐकताय, याचा त्यांना किती आनंद झालाय ते दिसत नाही का तुम्हाला?" मला दिसत होतं. पण अशील गेला तेही दिसत होतं.

निघायच्या दिवशी धारवाड स्टेशनवर मामा नव्हते. सकाळीच येऊन निरोप घेऊन गेले होते, म्हणाले की जरा कामाने बाहेरगावी जायचं आहे. मला बरं वाटलं. पुण्याला गाडी बदलून आम्ही मुंबईत उतरलो, एक रात्र एका स्नेह्याकडे काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅलार्ड पिअरवर गेलो. मी नवा सूट शिवला होता. कमळेनेही मोतिया रंगाचं रेशमी पातळ नेसलं होतं. इतकी उंच, पांढरीशुभ्र बोट मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्या पहिल्या वर्गाच्या शिडीकडे जाणारा रस्ता आपलाच आहे या जाणिवेने माझी चाल बदलली होती, असं कमळेने मला पुढे सांगितलं.

तेवढ्यात मागून कोणी हाक मारली. मुंबईचे एक नामांकित पारशी बॅरिस्टर होते. त्या वाटणीच्या दाव्यात हायकोर्टात ते आमच्या बाजूने उभे राहिले होते आणि मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. तेही सपत्निक याच बोटीने निघाले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं आणि ते आश्चर्य आदराचं होतं. "वा, पहिल्या वर्गाने?" असं ते इंग्रजीत म्हणाले. त्यांच्या बाईंनी कमळेला नमस्कार केला. आम्ही चौघं उभे राहून बोलत होतो. पुढच्या एका मोठ्या अपिलात मला बरोबर घ्यायचा त्यांचा विचार आहे, असं ते नुकतंच म्हणाले होते.

आणि त्याच क्षणी बोटीच्या शिडीवरून मामा उतरताना दिसले. तोच तो निळा सर्जचा कोट, पितळी बटणं घासून लखलखीत केलेली, डोक्याला पिवळी लोकरी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. एका हातात सुतळीने बांधलेली लिंबांची पुरचुंडी, दुसऱ्यात आमच्या स्वयंपाकघरातली पितळी तपेली. आदल्या गाडीने तिसऱ्या वर्गात रात्रभर उभ्याने प्रवास करून ते आमच्या आधी मुंबईत पोचले होते. पास काढून बोटीवर गेले होते, आमची केबिन इंजिनावर आहे असं पाहून बोटीवरच्या अधिकाऱ्याशी तासभर बोलले होते, आणि ती बदलून मध्यावर घेतली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त ती तपेली दिसत होती. त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता आणि ते आमच्याकडे झपझप येत होते.

बॅरिस्टरसाहेबांनीही त्यांना पाहिलं. बाईंच्या ओठांवर हसू आलं. "हे कोण? तुमच्याबरोबर आहेत का?" बॅरिस्टरसाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "आमचा जुना क्लार्क आहे."

मी इंग्रजीत बोललो, जणू इंग्रजीत म्हटलं की ते कमी खोटं होतं. मामांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, ही गोष्ट त्या घटकेला माझ्या डोक्यातून साफ गेली होती. ते चार पावलांवर होते. ते थांबले. त्यांचं तोंड "जावईबापू" म्हणण्यासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं, मग मिटलं. एवढंच. मी आयुष्यात पुष्कळ साक्षीदार उलटताना पाहिले आहेत, पण माणसाचा चेहरा इतक्या चटकन आणि इतक्या निमूटपणे आवरून घेतला जाताना पाहिलेला नाही. ते आणखी दोन पावलं पुढे आले, जरासे वाकले आणि अगदी शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "केबिन तयार आहे, साहेब." आणि पुरचुंडी तपेलीत टाकून माझ्या हातातली कातडी बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

मी ती दिली. या गोष्टीचा मी पुष्कळदा विचार केला आहे. शब्द तोंडातून निसटून गेला असं मी स्वतःला सांगू शकतो. पण बॅग निसटली नाही, ती मी दिली. माझ्या बायकोचं कन्यादान केलेला, पासष्टीचा माणूस माझी बॅग उचलून माझ्यामागून एक पाऊल अंतर ठेवून चालू लागला, आणि मी बॅरिस्टरसाहेबांशी हवेबद्दल बोलत शिडी चढलो.

कमळेला इंग्रजी येत नसे, पण वकिलाच्या घरात "क्लार्क" हा शब्द न कळणारं माणूस नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. केबिनच्या दाराशी बॅरिस्टरसाहेब आपल्या वाटेने गेले, तेव्हा ती त्या अरुंद बोळात, येत्याजात्या गोऱ्या माणसांच्या देखत, मामांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. मामांनी तिला उठवलं. "कमळे, पहिल्या दिवशी फार काही खाऊ नको. तपेली उशाशी ठेव. बोटीवरची भांडी भिंतीला पक्की केलेली असतात, ऐन वेळी हाताला येत नाहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावल्यात मी. डाव्या बाजूला, सावलीत." मी "मामा" म्हणालो. त्यांनी हात वर केला आणि, "येतो, भोंगा होईल आता," म्हणून ते निघाले.

पोचवायला आलेल्या माणसाने कुठे उभं राहावं, याचाही त्यांचा एक नियम होता. क्रेनच्या डाव्या हाताला, लोखंडी खांबाजवळ. पहिल्या वर्गाच्या डेकवरून तेवढीच जागा स्वच्छ दिसते. आम्ही डेकवर गेलो. खांबाजवळ पुष्कळ माणसं रुमाल हलवत होती, मामा त्यांत नव्हते. कमळा कठडा धरून शोधत होती. शेवटी तिनेच दाखवलं. ते पार मागे, जिथे हमाल आणि लोकांचे नोकर उभे होते तिथे, त्यांच्यात उभे होते. कोणी वरून पाहिलं तर माझं म्हणणं खोटं पडू नये म्हणून. त्यांनी हातही हलवला नाही. मला अजून उतरता आलं असतं, शिडी काढलेली नव्हती. मी उतरलो नाही. मग बोट हलली.

त्या प्रवासाची मौज काय सांगू? मामांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. मध्यावरच्या केबिनमुळे हेलकावे कमी बसले, आलेपाकाने कमळेला आराम पडला, बटाटे त्यांनी लिहिल्याबरहुकूम उकडून आले. पहिल्या दिवशी अर्धी बक्षिशी दिल्यामुळे केबिनचा नोकर आमच्यापुढे सारखा हजर असे. सूप पिताना मी समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत असे आणि एक थेंबही सांडत नसे. आमच्या टेबलावरचे इतर लोक कौतुकाने बघत, आणि मी वाटी अर्धीच ठेवून उठत असे. कमळा जेवढ्यास तेवढं बोले. रागावली असती तर मी समजूत घातली असती. ती रागावलेली नव्हती, ती माझ्याबद्दल काहीतरी नवीन कळल्यासारखी वागत होती.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि बॅरिस्टरसाहेबांना बोट लागली. बाई स्वतः आमच्या दाराशी आल्या. त्यांच्या केबिनमधलं भांडं भिंतीला पक्कं होतं. कमळेने काही न बोलता तपेली धुऊन आणि एक लिंबू कापून त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळी बरं वाटल्यावर बॅरिस्टरसाहेब डेकवर मला म्हणाले, "तुमचा तो क्लार्क फार हुशार माणूस दिसतो. असा माणूस मिळायला नशीब लागतं." सांगून टाकायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "हो, जुना आहे." कोलंबो सुंदर आहे असं लोक म्हणतात. मला तिथलं फारसं आठवत नाही.

परत आल्यावर मी पहिल्याच संध्याकाळी मामांकडे गेलो. आधीच गावभर झालं होतं की मामा मुंबईपर्यंत जाऊन जावयाला बोटीवर बसवून आले आणि केबिन मध्यावर मिळवून दिली. त्यापुढचं एक अक्षरही त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली, तशी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी पुन्हा सुरुवात केली, तेव्हा म्हणाले, "इर्लि बिडरी," राहू द्या हो, आणि चहा टाकायला उठले. ते आमच्याकडे पूर्वीसारखेच येत राहिले. फक्त एक झालं. मी खोलीत असलो की ते बोटीविषयी बोलत नसत. बाहेरून मला ऐकू येई, कोणालातरी डेकवरच्या खुर्च्यांचं सांगणं चाललेलं असे. मी आत गेलो की ते वाक्य तिथेच सोडून पावसापाण्याचं विचारत. वर्षभर मी त्या बोलण्याची वाट पाहिली, ज्याची मला पूर्वी लाज वाटत असे.

पुढच्या वर्षी ते बॅरिस्टरसाहेब एका खटल्यासाठी धारवाडला आले आणि मी त्यांना घरी चहाला बोलावलं. कमळेला म्हणालो, "मामांना पाच वाजता बोलाव. आज मी ओळख करून देणार आहे." ती लगेच स्वतः जाऊन त्यांना सांगून आली. मी वाक्य घोकून ठेवलं होतं. पाच वाजले, बॅरिस्टरसाहेब आले, साडेपाच झाले, मामा आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की कणकण आहे. शेवटी मीच विषय काढला, की गेल्या वर्षी बोटीवर सोडायला आले होते ते क्लार्क नव्हते, माझे मामेसासरे होते. बॅरिस्टरसाहेबांनी आठवून पाहिलं. "कोण? सोडायला कोणी आलं होतं का?" ते म्हणाले. तपेली त्यांना अंधुकशी आठवत होती, माणूस नाही.

ते गेल्याबरोबर मी मामांच्या खोलीवर गेलो. त्यांना ताप वगैरे काही नव्हता. ते खुर्चीवर बसले होते, निळा कोट घातलेला, बटणं घासलेली, टोपी गुडघ्यावर. येण्यासाठी तयार झाले होते आणि मग निघालेच नव्हते.

"निघालो होतो की," ते म्हणाले. "मग म्हटलं, पाहुणे ओळखतील, विचारतील, उगीच तुमची पंचाईत."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. या खेपेला त्यांनी मला अडवलं नाही. मी सगळं बोललो, बॅग दिल्याचंही. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बोटीवर उतारूंची यादी छापतात, जावईबापू. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या हातात देतात. चारही वेळा मी सरकारांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो, पत्रं लिहिली, त्यांचं दुखणं काढलं. यादीत छापलेलं असे, 'महाराज आणि एक नोकर'. एवढंच. मी त्या याद्या कोणाला दाखवल्या नाहीत कधी." ते थोडे हसले. "म्हणून त्या दिवशी मला जड गेलं नाही तसं. सवयीचं होतं. फक्त कमळीच्या समोर नको होतं."

मी म्हणालो, "चला, जेवायला चला घरी." त्यांनी टोपी घातली आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर आमचे पोस्टमास्तर भेटले. मी थांबून त्यांना म्हणालो, "हे माझे मामेसासरे." ते गोंधळून म्हणाले, "हो, माहीत आहे की. रोज भेटतात." पुढे दूधवाली घराकडे निघाली होती, तिला मी कानडीत सांगितलं की हे आमच्या घरातले वडीलधारे, आमच्या कमळेचे मामा. ती म्हणाली, "हौद्री, होय की, दहा वर्षं दूध घालते मी त्यांना." मग देवळापाशी वकील मंडळींचा घोळका उभा होता. मी त्यांच्याकडे वळलो. तेव्हा मामांनी माझ्या दंडाला हात लावला.

"पुरे आता," ते हळूच म्हणाले. मग तो हात तिथून त्यांनी काढला नाही. संध्याकाळ होत आली होती आणि त्यांना खाचखळगे नीट दिसत नसत.